मोरदरीची बसऱ्याची बंदूक

मोरदरी तुम्ही पाहिली असण्याची शक्यता कमी. जामखेडच्या पलीकडे, बालाघाटाच्या डोंगराची टोकं जिथे ज्वारीच्या शेतांत उतरतात, तिथे हे गाव आहे. पाहण्यासारखं काही नाही, असं तिथलेच लोक सांगतात. एक मारुती, एक शाळा, एक छोटा दर्गा. आणि त्या दर्ग्यात, हिरव्या चादरीत गुंडाळलेली एक बंदूक.

गाव माझ्या नवऱ्याचं. लग्न झाल्यापासून मी तिथे वर्षातून एकदा तरी जात आले, पण नेहमी वसंताबरोबर. या वेळी एकटी गेले. वसंताला जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते.

निमित्त झालं रशीदभाईंच्या फोनचं. रशीदभाई त्या दर्ग्याचे मुजावर. दिवाबत्ती, झाडलोट आणि त्या बंदुकीची राखण त्यांच्या घराण्याकडे आहे. मोरदरीतली निम्मी घरं दसऱ्यानंतर टोळ्या करून साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला बाहेर पडतात. निघायच्या दिवशी प्रत्येक जण दर्ग्यात येतो, बंदुकीला हात लावतो आणि मगच गाडीत बसतो. फौजेत जाणारा, पुण्याला शिकायला जाणारा, सासरी जाणारी, सगळे लावतात. कारण बंदुकीवर जी अक्षरं कोरलेली आहेत त्यांचा अर्थ आहे, ‘जो गेला तो परत येवो.’ मला हे वसंताने सांगितलं होतं. त्याला त्याच्या आईने.

‘‘वैनी,’’ रशीदभाई फोनवर म्हणाले, ‘‘माझा पुतन्या सौदीवरनं आलाय. त्यानं चादर सोडून अक्षरं बघितली. म्हनतो, चाचा, अक्षरं आपलीच हायेत पन ही दुवा न्हाई. मंग काय हाय, तर ते त्याला येत न्हाई. तुमी ते जुने कागद वाचायच्या ना?’’

मी वाचायची. निवृत्त होईपर्यंत एका दफ्तरखान्यात फार्सी आणि मोडी कागद वाचणं हेच माझं काम होतं.

‘‘टोळ्या निघायच्या आत या,’’ ते म्हणाले. ‘‘दुवा नसंल तर मी कुनाला हात लावू देनार न्हाई. अब्बांनी लावू दिला, त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक झाल्यावर मी कसा लावू देऊ? ती फसवनूक हुईल.’’

मी जाते म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की इतक्या वर्षांत मी ती अक्षरं एकदाही पाहिलेली नाहीत. आम्ही हात लावायचो तो चादरीवरून.

नगर

एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, कंडक्टरच्या तोंडात नगरच. जामखेडच्या गाडीला दुपारपर्यंत वेळ होता, म्हणून मी रिक्षा केली आणि रणगाड्यांचं संग्रहालय पाहायला गेले. वसंत दर वेळी म्हणायचा, ‘‘पुढच्या खेपेला.’’ तो नगर जिल्ह्यातला असून त्याने ते पाहिलं नव्हतं. गावाकडचा माणूस नगरला दवाखान्यासाठी किंवा कोर्टासाठी येतो, पाहायला येत नाही.

कडुनिंबांच्या सावलीत रणगाडे ओळीने उभे आहेत. सगळं इतकं स्वच्छ आणि शांत, की एखाद्या चांगल्या रोपवाटिकेत आल्यासारखं वाटतं. एक जपानी रणगाडा आमच्या सोसायटीतल्या शाळेच्या व्हॅनएवढाच आहे. त्यात माणसं कशी बसत असतील, याचंच मला नवल वाटलं. पुढे पॅटन. हा अमेरिकेत घडला, पाकिस्तानला मिळाला, पंजाबात उसाच्या शेतांमध्ये पकडला गेला आणि आता इथे उभा आहे. त्याच्या साखळीत चिमणीने काड्या आणून ठेवल्या होत्या.

माझ्यापुढे एक जोडपं चाललं होतं. नवरा पाट्या वाचून बायकोला सांगत होता. ती पॅटनपाशी थांबली.

‘‘आवो, हे त्यांचं हाय ना? मंग परत न्हाई का द्यावं लागत?’’

‘‘लढाईत घेतलेलं कोन परत देतं?’’

‘‘न्हाई, पन मागत आसतील की. आपला पाटा शेजारनीनं नेला तर आपन मागतोच.’’

‘‘तू माग मंग तिचा पाटा,’’ नवरा म्हणाला, ‘‘रनगाड्याचं सरकार बघंल.’’

मला हसू आलं. वसंत असता तर त्याने त्या बाईची बाजू घेतली असती.

जामखेडच्या गाडीत मी माझ्या वाचायच्या चष्म्यावर बसले. डबा काढायला पिशवी उघडली तेव्हा चष्मा मांडीवर ठेवला, गाडीने गचका दिला, तो सीटवर घसरला आणि मी परत टेकले. काच वाचली नाही, काडीही नाही. ज्या कामासाठी चालले होते त्याचं एकमेव हत्यार मी असं मोडून घेतलं.

मोरदरी, संध्याकाळ

फाट्यावर भास्करभाऊजी मोटारसायकल घेऊन उभे होते. भास्करभाऊजी म्हणजे वसंताचा धाकटा भाऊ. मोठ्याने बोलणारा, मोठ्याने हसणारा माणूस. या वेळी त्यांनी माझी पिशवी घेतली, टाकीवर ठेवली आणि गाव येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

जाऊबाईंनी हुलग्याच्या शेंगोळ्या केल्या होत्या. हुलग्याच्या पिठाच्या बोटभर वळ्या लसूण-मिरचीच्या रश्श्यात शिजवतात आणि भाकरीबरोबर खातात. पुण्यात मी हुलगे आणून हा प्रकार अनेकदा केला, तो कधी जमला नाही. वसंत तरीही खायचा आणि म्हणायचा, ‘‘पाण्याचा दोष आहे.’’ पुण्यात दुखवट्याच्या घरी लोक येतात, हळू आवाजात बोलतात, चहाला नको म्हणतात. मोरदरीत शेजारणी आल्या, माझ्या गळ्यात पडून मोकळ्या रडल्या, आणि मग तिथेच बसून शेंगोळ्या जेवल्या. मला हे जास्त बरं वाटलं.

जेवण झाल्यावर भाऊजी ओट्यावर आले.

‘‘वैनी, एक सांगू का? उद्या तुमी वाचनार. त्याच्या आधी सांगतो. दादा शेवटच्या बारीला हात न लावता गेला.’’

मला आठवत होतं. वसंताला इथेच असताना त्रास सुरू झाला होता. भाऊजींनी जीप आणली आणि आम्ही नगरच्या दवाखान्यात गेलो.

‘‘दादा जीपमदी बसता बसता म्हनला, दर्ग्यावरनं जाऊ. मी म्हनलं, येताना लावू. जीप चालू हुती.’’ त्यांनी तोंडावरून हात फिरवला. ‘‘लोक तोंडावर बोलत न्हाईत. पन माझ्या डोक्यातनं जात न्हाई.’’

मी म्हणाले, ‘‘भाऊजी, त्यांचं हृदय आधीच…’’

‘‘ते डॉक्टरनं सांगितलं हो. डॉक्टरचं डॉक्टरपाशी.’’

दर्ग्याचं अंगण

दर्गा म्हणजे एक पांढरी घुमटी, समोर फरशीचं अंगण, कडेला एक चिंच. रशीदभाईंनी अंगणात सतरंजी घातली होती. त्यांची बायको मेहरुनबी, भास्करभाऊजी आणि मी, एवढेच. गावाला नंतर सांगू, असं रशीदभाई म्हणाले.

त्यांनी बंदूक दोन्ही हातांवर आडवी घेऊन आणली, झोपलेलं मूल आणतात तशी. चादर सोडली. तिच्या आत आणखी एक चादर, तिच्या आत आणखी एक. दर उरुसाला नवी चढते, जुनी काढत नाहीत. शेवटी लाकूड दिसलं. काळं, गुळगुळीत, दस्त्यावर तेलाचा थर.

‘‘खटका न्हाई हिला,’’ रशीदभाई म्हणाले. ‘‘पोलिसांनी पनज्याच्या काळातच काढून नेला. नळीत शिसं वतलंय. ही आता लाकडाची काठीच.’’

ती गावात कशी आली याची गोष्ट मी अनेकदा ऐकली होती. पहिल्या महायुद्धात गावातले दोन जण फौजेत गेले. एक वसंताच्या आजोबांचा थोरला भाऊ, सखाराम. दुसरे रशीदभाईंचे पणजोबा, इमामसाहेब. दोघं बसऱ्याला, म्हणजे आजच्या इराकात, लढले. सखाराम तिकडेच राहिला. इमामसाहेब परतले, आणि त्यांच्याबरोबर शत्रूची ही बंदूक आली. कुणी म्हणतं साहेबाने बक्षीस दिली, कुणी म्हणतं वळकटीत घालून आणली. पहिलं खरं असावं, दुसरं सांगायला चांगलं आहे. तिच्यावर अरबी वळणाची अक्षरं दिसली, तेव्हा पंचांनी ठरवलं की अशी वस्तू कुणाच्या घरात नको, पिराच्या दारात ठेवा. अक्षरं आहेत म्हणजे देवाचं काहीतरी असणार, हे त्यांनी गृहीत धरलं. मोडी दफ्तरात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारखीला याचं नवल वाटायचं कारण नाही. ज्या गावात लिहिलेलं फार थोडं होतं, तिथे कोरलेल्या शब्दाला लोकांनी मान दिला.

आता चष्म्याचा प्रश्न. मी मोडका चष्मा काढून दाखवला, तेव्हा मेहरुनबी आत गेल्या आणि आपला घेऊन आल्या. एका बाजूला काडीच्या जागी दोरा होता.

‘‘डाव्या डोळ्यानं बगा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उजवी काच नुसती शोभेला हाय.’’

अक्षरांत ऊद, तेल आणि वर्षानुवर्षांचा मळ बसला होता. रशीदभाईंनी दात घासायचा जुना ब्रश आणि वाटीत रॉकेल आणलं. मी हळूहळू घासत गेले. पहिल्यांदा वरच्या बाजूला एक वळणदार आकृती उघडी पडली, तीन उभ्या रेघा आणि डावीकडे दोन मोठे वेढे. ती मी ओळखली. तुर्की सुलतानाची मोहोर. तिच्याबद्दल मी काही बोलले नाही. मग कडेच्या लोखंडी पट्टीवरची ओळ आली.

ओळ तुर्की भाषेतली होती, लिपी अरबी. मला तुर्की येत नाही, पण ती ओळ वाचायला भाषा यावी लागत नव्हती, कारण बहुतेक नावंच होती. एक शब्द ‘सिलाह’, म्हणजे हत्यार, आपल्या सिलेखान्यातला. पुढचा फाब्रिका, कारखाना. मी ओळ दोनदा वाचली. मग चष्मा काढून पदराने पुसला, जरी तो पुसण्यासारखा नव्हता.

मला खोटं बोलता आलं असतं. पकडणारं कुणी नव्हतं. पुतण्याला तुर्की येत नव्हती, आणि पुस्तकं वाचलेल्या बाईवर गावाने विश्वास ठेवला असता. माझ्या मनात वसंताचं वाक्य तयार होतं, नुसतं उच्चारायचं होतं. पण रशीदभाई माझ्यासमोर मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. त्यांना काय ऐकायचं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं, आणि तरीही त्यांनी मला बोलावून घेतलं होतं.

‘‘दुवा नाही, रशीदभाई,’’ मी म्हणाले. ‘‘कारखान्याचं नाव आहे. मावझरचा हत्यारांचा कारखाना, नेकार नदीवरचं ओबर्नडॉर्फ, जर्मनी. वर तुर्की सुलतानाची मोहोर आहे. जर्मनांनी ही तुर्कांना करून दिली.’’

चिंचेवर होले घुमत होते.

‘‘जर्मनी?’’ भास्करभाऊजी म्हणाले. ‘‘मंजे हिच्या जन्मगावी हिला कुनी इचारलं तर… जर्मनीची, तुर्काकडं दिली, बसऱ्यात लढली, आन नांदती मोरदरीत!’’ ते हसले, आणि हसता हसता मध्येच थांबले. ‘‘मंग दादानं हात लावला काय, न लावला काय.’’

‘‘काही फरक पडला नसता,’’ मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. त्यांना हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं दिसलं नाही. काहीतरी हातातून काढून घेतल्यासारखे ते बसून राहिले.

रशीदभाईंनी एकेक चादर परत गुंडाळली. आत जाऊन बंदूक ठेवली. बाहेर येऊन दाराला कडी घालत म्हणाले, ‘‘वैनी, तुमी खरं बोलला, उपकार झाले. उद्या टोळ्या निघतील तवा मी सांगतो. दार बंद हाय म्हनून.’’

मेहरुनबींची चूल

दुपारी मला रशीदभाईंकडेच जेवायला थांबवून घेतलं. मेहरुनबी चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. मी दाराशी पाटावर. रशीदभाई बाहेर बाजेवर आडवे, डोळ्यांवर हात.

‘‘बायकांना इचारलंच न्हाई कुनी,’’ मेहरुनबी भाकरी उलटत म्हणाल्या. आवाज बाजेपर्यंत जाईल इतका ठेवला होता. ‘‘ह्यांच्या घरात सगळे पुरुष अक्षरांकडं बघत बसले.’’

‘‘काय विचारायचं होतं?’’

‘‘हे ‘परत येवो’ कुठनं आलं ते. माझ्या सासूबाईंनी मला सांगितलंय. इमामसाब परत आले ते आधी घरी गेलेच न्हाईत. तुमच्या सखारामाच्या आईच्या दारात गेले. गोदामाय तिचं नाव. हातात बंदूक. तिनं बंदुकीकडं बघितलं, म्हनली, ही आली, माझं पोरगं कुठं हाय?’’

त्यांनी चुलीत आणखी एक काटूक सरकवलं.

‘‘मंग बंदूक दर्ग्यात ठेवली. गोदामाय दर गुरुवारी यायची. बंदुकीवर हात ठेवायची आन तिलाच सांगायची, जिथनं आलीस तिथं माझा हाय. गेलाय त्याला परत आन. मरंस्तवर आली. मंग दुसऱ्या बायका यायला लागल्या, ज्यांची मानसं गावाबाहेर हुती त्या. लिवलेलं कशाला पायजे हुतं तिला? तिला कुठं वाचता येत हुतं?’’

बाजेवरचा हात डोळ्यांवरून खाली आला होता.

‘‘मला कधी सांगितलं न्हाईस,’’ रशीदभाई म्हणाले.

‘‘तुमी कधी इचारलं?’’

ते बाजेवर उठून बसले. म्हणाले, ‘‘पन सखाराम आला न्हाईच ना.’’

‘‘न्हाई आला,’’ मेहरुनबी म्हणाल्या. ‘‘जेवायला या.’’

मी भाकरी मोडली. चाळीसेक वर्षं मी ज्या घराची सून आहे, त्या घरातल्या एका आईबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं. वसंतालाही नव्हतं. त्याने मला वाक्य दिलं, ते कुणाचं होतं ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

दिवे लागायच्या वेळी रशीदभाई भाऊजींच्या ओट्यावर आले.

‘‘वैनी, ते गावाचं नाव परत सांगा.’’

‘‘ओबर्नडॉर्फ.’’

‘‘ओबर… ओबरदुर्प.’’

‘‘ओबर्न. डॉर्फ.’’

‘‘वबरनडॉर्फ. ह्या लोकांनी गावाला सरळ नाव का ठिवलं न्हाई?’’ रशीदभाई वैतागले. भाऊजी म्हणाले, ‘‘त्यांना मोरदरी म्हनून दाखवायला सांगा, मंग कळंल.’’ त्यावर दोघंही हसले. कशासाठी हवंय ते रशीदभाईंनी सांगितलं नाही. ते नाव पुटपुटत अंधारात चालत गेले.

टोळ्या निघाल्या

सकाळी शाळेपुढे ट्रॅक्टर उभे होते. ट्रॉल्यांत पत्र्याच्या पेट्या, हंडे, गोधड्या, तळाशी बांधलेल्या कोंबड्या, वर म्हाताऱ्या आणि लेकरं. मीही त्याच सकाळी निघणार होते. दर्ग्यापाशी रांग लागलेली होती. दार उघडं होतं.

बंदूक अंगणात चौरंगावर ठेवली होती, चादरी नव्हत्या. लोखंड आणि लाकूड उन्हात उघडं. शेजारी रशीदभाई स्वच्छ सदरा घालून उभे. समोर आलेल्या प्रत्येकाला ते थांबवत होते आणि सांगत होते. आवाज नमाजाच्या आधी घसा साफ केल्यासारखा.

‘‘ऐका. ह्याच्यावर दुवा लिवलेली न्हाई. हे हत्यार जर्मनी मुलखात ओबर्नडॉर्फ गावी मावझरच्या कारखान्यात झालं. तुर्काच्या राजासाठी झालं. बसऱ्याला लढलं. इथं आलं, परत गेलं न्हाई. गोदामायनं ह्याच्यावर हात ठिवून आपलं पोरगं मागितलं, ते आलं न्हाई. हे सगळं ऐकून ज्याला लावायचा त्यानं हात लावा.’’

पहिला माणूस मागे वळून बघू लागला. दुसरी होती कौसाबाई, टोळीच्या मुकादमाची बायको, कडेवर नातू.

‘‘चाचा, झालं का सांगून?’’

‘‘ऐकलं का पन तू?’’

‘‘ऐकलं. कारखान्यातनं आली, आमी बी कारखान्यालाच निघालोय. तिला परत जाता आलं न्हाई, तर तिला ठाऊक आसंल परत जानं किती अवघड हाय. सरका.’’ तिने नातवाचा हात धरून लोखंडावर ठेवला, मग स्वतःचा. मागचा माणूस सरसावून पुढे आला.

रशीदभाईंनी एकालाही सूट दिली नाही. प्रत्येकाला पहिल्यापासून शेवटपर्यंत. ओबर्नडॉर्फपाशी ते थोडे सावकाश व्हायचे, खड्डा चुकवल्यासारखे, आणि नीट पार करायचे. रांग हलत नव्हती. ट्रॅक्टरवाले भोंगे वाजवत होते. भास्करभाऊजी माझ्यापुढे होते, त्यांना कुठेही जायचं नव्हतं तरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही हात दस्त्यावर टेकवले. बराच वेळ तसेच उभे राहिले. कुणी त्यांना घाई केली नाही.

मग मी.

रशीदभाई अडखळले. ‘‘वैनी, तुमाला काय सांगायचं. तुमीच वाचलं.’’

‘‘मलाही सांगा,’’ मी म्हणाले.

त्यांनी सांगितलं. जर्मनी, ओबर्नडॉर्फ, मावझर, तुर्काचा राजा, बसरा, गोदामाय. मीच वाचलेलं, मीच सांगितलेलं, पण त्यांच्या तोंडून ऐकताना ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. परत मागण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. ज्याला मागायचं तो येणार नाही, हे मला गोदामायपेक्षा जास्त चांगलं ठाऊक होतं. तरी मी त्या कोरलेल्या ओळीवर बोटं ठेवली. अक्षरं घासून उघडी केल्यामुळे कडा थोड्या टोचत होत्या.

किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मागच्या बाईने कोपराने ढोसलं.

‘‘आवरा की ताई, ट्रॅक्टर सुटला.’’

मी बाजूला झाले. रशीदभाईंनी घसा साफ केला आणि तिला सांगायला सुरुवात केली.